हिशेबनिसाची पारख

बैल विकत घ्यावयाचा असला म्हणजे आपला शेतकरी काय काय करतो, हें वाचकांस सांगावयास नको. तो बाजारांत चार फेऱ्या मारतो, बैलाचे दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, त्यास दहा पावलें चालवून पाहतो, आणि एवढ्यानेंही मन भरलें नाहीं तर एखाद्या जाणत्या गृहस्थास बरोबर नेऊन त्याचा अभिप्राय घेतो. परंतु तोच शेतकरी गुऱ्हाळ, दूधसंकलन, डाळगिरणी किंवा खत-बियाण्यांचें दुकान काढतो, तेव्हां ज्याच्या हातीं साऱ्या जमाखर्चाची दोरी द्यावयाची, तो हिशेबनीस मात्र कोणाच्या तरी सांगण्यावरून पांच मिनिटांत ठरवून मोकळा होतो. बैल खोटा निघाला तर एका हंगामाचें नुकसान होतें. हिशेबनीस खोटा निघाला तर धंदा बसतो आणि घराची अब्रूही जाते.

या मासिकांत बियाणें, खतें, रोग व किडी यांवर लेख नेहमीं येतात, आणि तें योग्यच आहे. परंतु कष्टानें मिळविलेला पैसा कोणत्या भोंकानें गळतो, याचा विचार आपणांत फारसा होत नाहीं. आमची सारी नोकरी महसूल खात्यांत, पावत्या आणि चलनें ताडून पाहण्यांत गेली. तेव्हां या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार आहे, असें कोणास वाटेल. वस्तुस्थिति उलट आहे. आम्हीं स्वतः केलेल्या एका चुकीनें आम्हांस हा विषय शिकविला, आणि त्या शिक्षणाची फी आमच्या धाकट्या बंधूंस भरावी लागली. ती हकीकत प्रथम सांगतों.

आमच्या दोघां बंधूंचें गांवीं गुऱ्हाळ आहे. आरंभीं ते ढेपा करून अडतीवर पाठवीत. पुढें एक किलोच्या व अर्ध्या किलोच्या वड्या करून, वेष्टनांत बांधून, वर नांव छापून ते पुण्याच्या दुकानदारांस देऊं लागले. मोकळ्या गुळावर वस्तु व सेवा कर नाहीं. परंतु १८ जुलै २०२२ पासून वेष्टनबंद व लेबल लावलेल्या गुळावर शेंकडा ५ प्रमाणें तो आहे. वर्षाची विक्री ४० लाखांच्या वर जाऊं लागली, तेव्हां नोंदणी करणें प्राप्त झालें. बंधूंनीं आम्हांस विचारलें, "दादा, हिशेबाला माणूस कोण धरावा?" तालुक्याच्या गांवीं 'कर सल्लागार' अशी पाटी लावून बसणारे एक गृहस्थ आमच्या परिचयाचे होते. बोलणें मृदु, अक्षर मोत्यासारखें, आणि वेतन दरमहा अवघे ८०० रुपये. कचेरींत ते येत तेव्हां त्यांचे कागद नेहमीं व्यवस्थित बांधलेले असत. एवढ्यावरून आम्हीं त्यांचें नांव सुचविलें.

त्यांचा क्रम असा असे. महिन्याच्या आरंभीं बंधू बिलांचा गठ्ठा नेऊन देत. गृहस्थ कराची रक्कम सांगत. ती सरासरीनें १७ हजार रुपये होई. बंधू ती त्या गृहस्थांच्याच खात्यावर पाठवीत; "मी भरतों" असें ते म्हणत, आणि दोन दिवसांनीं एक छापील चलन बंधूंच्या हातीं देत. चलनावर नांव, नोंदणी क्रमांक, रक्कम, सारें यथास्थित. बंधू तें फायलींत लावून ठेवीत. असे सात महिने गेले. आठव्या महिन्यांत पुण्याच्या एका व्यापाऱ्याचें पत्र आलें कीं, तुमच्या बिलांवरील कर आमच्या पत्रकांत दिसत नाहीं, सबब त्याची वजावट आम्हांस मिळत नाहीं. खुलासा होईपर्यंत पुढील मालाची मागणी व मागील बाकी, दोन्ही थांबविलीं आहेत.

बंधू फाईल घेऊन आमच्याकडे आले. पहिलें चलन हातांत घेतांच आमच्या पोटांत गोळा आला. नोकरींत असतां कोणीही चलन पुढें केलें, तर आम्ही रकमेच्याही आधीं भरणा झाल्याचा शिक्का पाहत असूं. शिक्का नसलेलें चलन म्हणजे पैसे भरण्याचा नुसता बेत, भरणा नव्हे. जीएसटीच्या चलनाचेंही तसेंच आहे. संकेतस्थळावर चलन तयार केलें कीं त्यास १४ अंकी क्रमांक मिळतो. त्यास सीपीआयएन म्हणतात. असें चलन एक पैसाही न भरतां तयार करतां येतें, आणि १५ दिवसांत पैसे न भरल्यास तें आपोआप निकामी होतें. पैसे बँकेमार्फत खरोखर पोंचले, म्हणजे त्या १४ अंकांपुढें बँकेचीं तीन अक्षरें लागून १७ वर्णांचा दुसरा क्रमांक होतो, तो सीआयएन. बंधूंच्या सातही चलनांवर १४ अंक होते. पुढचीं तीन अक्षरें एकावरही नव्हतीं.

चौकशीअंतीं कळलें कीं, सात महिने एकही विवरणपत्र भरलें गेलें नव्हतें. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यानें लागोपाठ सहा महिने तें न भरल्यास त्याची नोंदणी रद्द करतां येते. तशी नोटीस निघालीही होती; परंतु ज्या ई-मेलवर व ज्या मोबाइलवर ती गेली, ते दोन्ही त्या गृहस्थांचेच होते. नोंदणीच्या वेळीं "तुम्हांस कशाला त्रास" म्हणून त्यांनीं आपलेच पत्ते घातले होते, आणि बंधूंस ती सोय वाटली होती. पैसे आपण कोणाच्या हातीं दिले, याशीं सरकारास कर्तव्य नाहीं. करदाता म्हणून जबाबदारी बंधूंची. १ लाख १९ हजारांचा कर पुन्हां भरावा लागला, त्यावर दर साल दर शेंकडा १८ प्रमाणें व्याज पडलें, आणि उशिराचें शुल्क वेगळें. दोन दुभत्या म्हशी विकून ती रक्कम उभी केली, तेव्हां नोंदणी पुन्हां चालूं झाली. त्या गृहस्थांकडून हप्त्याहप्त्यानें आजवर ४० हजार सुटले आहेत. बाकी सुटेल अशी आशा आम्हीं सोडली आहे.

बंधूंनीं आम्हांस दोष दिला नाहीं. फक्त एकदां धाकटा म्हणाला, "दादा, तुम्ही सांगितलेंत म्हणून आम्हीं पाहिलेंच नाहीं." हें वाक्य आमच्या मनांतून अद्याप जात नाहीं, आणि हा लेख लिहिण्याचें कारणही तेंच आहे. ज्यानें उभा जन्म दुसऱ्यांच्या चलनांवर शिक्का शोधला, त्यानें भावाचें चलन सात महिन्यांत एकदांही मागून पाहिलें नाहीं. असो. या प्रसंगानंतर आम्हीं चार जाणत्या लोकांस विचारून, स्वतः वाचून आणि नवा हिशेबनीस नेमतांना आलेल्या अनुभवावरून जें शिकलों, तें शेतकरी बंधूंपुढें ठेवतों.

काम तीन, माणसें तीन

पहिली गोष्ट ही कीं, 'हिशेबाचा माणूस' या एका नांवाखालीं तीन निरनिराळे लोक येतात, आणि त्यांची गल्लत झाली कीं घोटाळ्यास आरंभ होतो.

एक, जमाखर्च लिहिणारा. रोजकीर्द, खतावणी, बिलें, मजुरांची हजेरी, मालाचा साठा हें त्याचें काम. यास पदवीची जरुरी नाहीं. नियमितपणा आणि स्वच्छ हात एवढें पुरे. लहान धंद्यांत हें काम घरांतील शिकलेली सून किंवा मुलगाही करूं शकतो, आणि आमच्या मतें तेंच उत्तम.

दोन, करसल्लागार. करांचीं विवरणपत्रें तयार करून भरणें हें त्याचें काम. जीएसटीच्या कायद्यांत यासाठीं नोंदणी केलेले व्यवसायी असतात, आणि त्यांस नोंदणीचा दाखला मिळालेला असतो. मात्र 'कर सल्लागार' अशी पाटी कोणीही रंगवून घेऊं शकतो. पाटी म्हणजे दाखला नव्हे.

तीन, सनदी लेखापाल, म्हणजे ज्यास आपण सी. ए. म्हणतों. १९४९ च्या कायद्यानें या व्यवसायाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि १ जुलै १९४९ पासून तिचें काम चालू आहे. कंपनीच्या हिशेबांची वैधानिक तपासणी व आयकराच्या कायद्याखालील हिशेबतपासणी या कामांवर सही करण्याचा अधिकार त्यासच आहे. शेतकऱ्यांनीं मिळून उत्पादक कंपनी काढली असेल, तर तिची उलाढाल कितीही लहान असो, दरवर्षीं अशी तपासणी चुकत नाहीं. सहकारी संस्थेची गोष्ट वेगळी. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालीं शासनमान्य नामिकेंतील लेखापरीक्षक वार्षिक सभेनें नेमावयाचा असतो. सभासदांनीं त्या ठरावाच्या वेळीं चहाकडे न पाहतां नांवाकडे पाहावें.

मग आपणांस यांपैकीं कोण हवा? ज्याची नुसती शेती आहे आणि जो आपला माल जसाचा तसा विकतो, त्यास बहुधा कोणीच नको. एक वही पुरे. ज्याचा लहान जोडधंदा आहे, त्यानें घरचा जमाखर्च लिहिणारा आणि बाहेरचा सल्लागार असे दोघे ठेवावे. कंपनी, मोठें कर्ज किंवा अनेक भागीदार असले, तर सनदी लेखापालाशिवाय गत्यंतर नाहीं. परंतु एक नियम सर्वांस सारखा लागू आहे. जो लिहितो, त्यानेंच तपासूं नये. आणि जो लिहितो किंवा तपासतो, त्याच्या हातीं रोकड असूं नये.

तलाठ्याच्या दप्तराचा धडा

हा नियम नवा नाहीं. आपल्या गांवच्या चावडींतच तो पूर्वींपासून आहे. तलाठी शेतसारा घेतो, तेव्हां पावती देतो, आणि त्या रोजच्या पावत्यांची नोंद गांव नमुना ९ मध्यें होते. जमलेली रक्कम सरकारांत भरली कीं त्या चलनाची नोंद गांव नमुना १० मध्यें होते. कोणाकडून किती येणें होतें आणि किती आलें, हें गांव नमुना ८-ब मध्यें खातेवार उतरतें. तीन नमुने तीन बाजूंनीं एकच रक्कम सांगतात. एका ठिकाणीं कोणी लबाडी केली, तर उरलेले दोन साक्ष देतात. त्याप्रमाणेंच कोषागाराच्या तिजोरीस दुहेरी कुलूप असतें, आणि दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात. यांत कोणावर अविश्वास नाहीं. भल्या माणसावरही मोह पडूं नये आणि त्याच्यावर आळही येऊं नये, यासाठीं ही योजना आहे.

आमच्या बंधूंच्या धंद्यांत पावती, चलन आणि तिजोरी हीं तिन्ही एकाच गृहस्थांच्या हातीं होतीं. मग कुंपणानें शेत खाल्लें, यांत आश्चर्य कसलें?

नांव आणि सनद पडताळावी

माणूस सनदी लेखापाल म्हणवीत असेल, तर त्यास सभासद क्रमांक विचारावा. तो सांगण्यास कोणीही प्रामाणिक माणूस रागावत नाहीं, आणि संस्थेच्या सूचींत तो पाहतां येतो. शिवाय १ जुलै २०१९ पासून सनदी लेखापालानें सही केलेल्या दाखल्यांवर व तपासणीच्या अहवालांवर १८ वर्णांचा यूडीआयएन नांवाचा क्रमांक असावा लागतो, आणि संस्थेच्या संकेतस्थळावर तो घालून दाखला खरा कीं खोटा हें कोणासही पाहतां येतें. बँकेच्या कर्जासाठीं ताळेबंदावर कोणाच्या तरी नांवाचा शिक्का मारून देणारे लोक आढळतात. असा कागद बँकेंत खोटा ठरला, तर कर्ज मागणाराच अडचणींत येतो. म्हणून कागद हातीं आला कीं प्रथम हा क्रमांक पाहावा.

सनद पाहिली म्हणजे काम झालें असें नव्हे. त्याच्याकडे ज्यांचें काम आहे, अशा दोघां-तिघां शेतकऱ्यांस अथवा लहान दुकानदारांस एकांतांत विचारावें. "माणूस कसा आहे?" असें विचारूं नये, त्यास "चांगला आहे" हेंच उत्तर मिळतें. "गेल्या वर्षांत तुम्हांस दंड किंवा नोटीस आली काय? आली तेव्हां यानें काय केलें? फोन केला तर उचलतो काय? कागद परत मागितले तर किती दिवसांत देतो?" असे प्रश्न विचारावे. मोठ्या कारखान्यांचें काम करणारा नामांकित माणूस आपल्या लहान धंद्यास योग्यच असेल असें नाहीं. त्याच्याकडे आपलें काम बहुधा उमेदवाराच्या हातीं पडतें. काम प्रत्यक्ष कोण करणार, त्यास एकदां भेटून यावें.

परीक्षेचे चार प्रश्न

शेतीशीं जोडलेल्या धंद्याचे कर इतर धंद्यांहून निराळे असतात. शहरांतील दुकानांचे हिशेब उत्तम करणारा गृहस्थही येथें चुकूं शकतो. म्हणून पहिल्या भेटींत आम्ही पुढील चार प्रश्न विचारतों. उत्तरें वाचकांच्या माहितीसाठीं येथेंच देतों.

पहिला प्रश्न: दुधाचें उत्पन्न आणि रोपवाटिकेचें उत्पन्न, यांपैकीं शेतीचें कोणतें? अनेकजण दोन्ही शेतीचींच म्हणतात. आयकराच्या दृष्टीनें दुधाचा धंदा शेतींत येत नाहीं; रोपवाटिकेंत वाढविलेल्या रोपांचें उत्पन्न मात्र शेतीचेंच धरावें, असें कायद्यांत स्पष्ट म्हटलें आहे.

दुसरा प्रश्न: शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाहीं, मग तें विवरणपत्रांत दाखवावयाचें कशाला? उत्तर असें कीं, व्यक्तीचें शेतीचें निव्वळ उत्पन्न ५ हजार रुपयांवर असून तिचें इतर उत्पन्नही करमुक्त मर्यादेपलीकडे गेलें असेल, तर इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरवितांना शेतीचें उत्पन्न हिशेबांत घेतलें जातें. "दाखवूंच नका" असें जो सांगतो, त्यास कायदा ठाऊक नाहीं. किंवा ठाऊक असून तो आपणांस खड्ड्यांत घालतो आहे.

तिसरा प्रश्न: आमचा स्वतःचा ऊस, मोकळा गूळ आणि वेष्टनबंद गूळ, यांस जीएसटी कसा लागतो? शेतकऱ्यानें स्वतः पिकविलेला माल विकण्यापुरती त्यास नोंदणीची सक्ती नाहीं. गुळाचा भेद आम्हीं वर सांगितलाच आहे. हा प्रश्न ऐकून जो घाईनें "सगळें माफ आहे" म्हणतो, त्यास नमस्कार करून निघावें.

चौथा प्रश्न: आमच्या धंद्यास अंदाजी नफ्याची सवलत घेतां येईल काय? एकट्याच्या, एकत्र कुटुंबाच्या किंवा साध्या भागीदारीच्या धंद्याची वर्षाची विक्री २ कोटींपर्यंत असेल, आणि रोखीची आवक शेंकडा ५ च्या आंत असल्यास ३ कोटींपर्यंत असेल, तर विक्रीच्या शेंकडा ८ प्रमाणें, व बँकेमार्फत आलेल्या रकमांवर शेंकडा ६ प्रमाणें नफा धरून कर भरण्याची मुभा आहे. जाणता माणूस या प्रश्नास लगेच हो किंवा नाहीं म्हणत नाहीं. तो उलट विचारतो कीं, तुमचा खरा नफा किती, बँकेचें कर्ज घ्यावयाचें आहे काय, भागीदार किती. असे उलट प्रश्न विचारणारा माणूस आम्हांस अधिक पसंत पडतो. "हें मला पाहून सांगावें लागेल" असें मोकळेपणीं म्हणणारा तर विशेषच.

या चार प्रश्नांशिवाय एक गोष्ट न विचारतां कळते. जो पहिल्याच भेटींत "कर शून्य करून देतों", "वरती आपली ओळख आहे", "दुसरें उत्पन्न शेतींत दाखवूं" असें बोलतो, तो आज सरकारास फसविण्यास तयार आहे. उद्यां आपणांस फसविण्यास त्यास वेगळी विद्या शिकावी लागणार नाहीं.

किल्ल्या कोणाच्या कमरेस?

पूर्वीं घरांतील धान्याच्या कोठीची किल्ली कर्त्या स्त्रीच्या कमरेस असे. आजच्या धंद्याच्या किल्ल्या चार: संकेतस्थळाचा पासवर्ड, ज्यावर ओटीपी येतो तो मोबाइल, ज्यावर नोटिसा येतात तो ई-मेल, आणि डिजिटल सही. या चारही किल्ल्या धन्याकडे असल्या पाहिजेत.

नोंदणी करतांना मोबाइल व ई-मेल स्वतःचे किंवा घरांतील शिकलेल्या मुलाचे द्यावे. सल्लागारास माहिती मिळावी म्हणून त्याचा पत्ता जादा घालतां आला तर घालावा; आपल्या जागीं घालूं नये. डिजिटल सहीचें लहानसें यंत्र सल्लागाराच्या खणांत पडलेलें असतें, हें आम्हीं अनेक ठिकाणीं पाहिलें आहे. कोऱ्या कागदावर सही करून देणें आणि हें यंत्र दुसऱ्याकडे ठेवणें, यांत भेद नाहीं. काम असेल तेव्हां तें घेऊन जावें, समोर सही करावी, आणि परत घरीं आणावें. फोन करून कोणी ओटीपी मागितला, तर कशासाठीं तें आधीं विचारावें. विवरणपत्रांतील आंकडे पाहिल्यावांचून तो सांगूं नये.

सर्वांत महत्त्वाचें हें कीं, कराचा पैसा सल्लागाराच्या खात्यावर कधींही पाठवूं नये. त्यानें चलन तयार करून द्यावें. भरणा आपल्या खात्यांतून आपण करावा. त्याचें वेतन वेगळें द्यावें, आणि त्याची पावती घ्यावी.

वेतन आणि करार

वेतनाच्या बाबतींत आपला शेतकरी फार चिकट होतो, हें आम्हीं स्वतःवरून सांगतों. ८०० रुपयांचा माणूस स्वस्त म्हणून आम्हीं निवडला. नवे सल्लागार दरमहा २ हजार घेतात. वर्षाकाठीं १४,४०० रुपयांचा फरक पडतो. हा फरक वांचविण्याच्या नादांत गोठ्यांतील दोन म्हशी गेल्या. याचा अर्थ महाग तो चांगला, असा नव्हे. दोघां-तिघांचे दर विचारावे, आणि त्या दरांत काय काय येतें तें विचारावें. दरमहाचीं किंवा तिमाही विवरणपत्रें, वार्षिक पत्रक, आयकर, नोटिशीचें उत्तर, बँकेचे कागद, यांपैकीं प्रत्येकाचें स्वतंत्र नांव घेऊन एका कागदावर लिहून घ्यावें. त्याच कागदावर दोन वाक्यें आणखी असावीं. एक, उशीर सल्लागाराच्या हयगयीनें झाला तर त्याचें शुल्क कोणी सोसावयाचें. दुसरें, काम सोडतांना आमचे सर्व कागद व संगणकांतील हिशेबाची प्रत किती दिवसांत परत मिळेल. तोंडी बोलण्यावर भिस्त ठेवूं नये. आपला विश्वास पूर्वींच पानिपतांत गेला आहे. ओळखीच्या माणसापुढें कागद काढण्याची आम्हांस लाज वाटते, परंतु अशा कागदानें ओळख तुटत नाहीं. ती कागद नसल्यानें तुटते.

धन्याचें काम

उत्तम हिशेबनीस मिळाला म्हणून धनी मोकळा झाला असें नाहीं. शेत वाट्यानें दिलें तरी मालकानें बांधावर जावेंच लागतें. धन्याचें काम फार नाहीं. रोजचा रोज जमा-खर्च वहींत लिहावा. घरखर्च आणि धंद्याचा खर्च यांचीं बँकखातीं निराळीं ठेवावीं. लग्नाचा किराणा गुऱ्हाळाच्या खात्यांतून गेला कीं पुढें कोणताही हिशेबनीस नफा सांगूं शकत नाहीं. प्रत्येक बिल, मग तें पोत्यांचें असो कीं डिझेलचें, त्याच दिवशीं फायलींत लावावें. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात, म्हणून फाईल उंदीर आणि ओल यांपासून दूर असावी.

महिन्याकांठीं अर्धा तास काढून तीन गोष्टी पाहाव्या. बँकेच्या उताऱ्यांतील शिल्लक आणि वहींतील शिल्लक जुळते काय? कराच्या चलनावर १७ वर्णांचा क्रमांक आहे काय? आणि विवरणपत्र खरोखर भरलें गेलें काय? तिसरी गोष्ट पाहण्यास पासवर्डचीही गरज नाहीं. जीएसटीच्या संकेतस्थळावर करदात्याचा शोध घेण्याची सोय आहे; तेथें नोंदणी क्रमांक घातला कीं कोणत्या महिन्याचें विवरणपत्र कोणत्या तारखेस भरलें, याची यादी समोर येते. हें दोन मिनिटांचें काम आहे. आम्हीं तें दुसऱ्याच महिन्यांत केलें असतें, तर नुकसान १७ हजारांवर थांबलें असतें.

शेवटीं या संस्थेपुढें एक सूचना ठेवतों. एका गांवांत चार-सहा लहान धंदे असतात, आणि प्रत्येकानें वेगळा चांगला सल्लागार ठेवणें परवडत नाहीं. अशा सर्वांनीं मिळून एकच जाणता सल्लागार नेमावा, महिन्यांतून एक दिवस त्यानें गांवीं यावें, आणि सर्वांनीं आपापले कागद घेऊन एका ठिकाणीं बसावें. त्यांत वेतन वांटलें जाईल, आणि दहा डोळे एका माणसाच्या कामावर राहतील. आमच्या गांवीं गेल्या दिवाळीपासून पांच जणांनीं हा क्रम धरला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर बैठक होते. आमचे बंधू तेथें सर्वांच्या आधीं येतात आणि चलन हातीं येतांच प्रथम शेवटचीं तीन अक्षरें वाचतात. आम्हीही शेजारीं बसून असतों. या वेळीं मात्र आमच्या शब्दावर कोणी विसंबून राहत नाहीं, याचें आम्हांस समाधान आहे.